शरीर वळतच नाही, वय ४७. योग सुरू करावा का, आणि कुठून?

सुईदोरा · १२ जून

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहायची वेळ आज पहिल्यांदा.

मी ब्लाउज शिवते, गेली तेवीस वर्षं. नायगावला बीडीडी चाळीत आमची एक खोली आहे, १६० चौरस फुटांची, आणि खिडकीला लागून माझं मशीन. सकाळी साडेनऊला बसले की जेवणापुरती उठते, मग थेट रात्री आठ-साडेआठ. लग्नसराईत अकरासुद्धा होतात. आधी पायाचं मशीन होतं, पाच वर्षांपूर्वी मोटर बसवली. तेव्हापासून उजव्या पायाचा पंजा तेवढा हलतो, बाकी सगळी मी स्टुलावर जशीच्या तशी. हुक, काज, हेम हातानं, मान खाली घालून.

मागच्या गणपतीत आमच्या मजल्यावर आरती झाली आणि अथर्वशीर्षाला सगळ्याजणी खाली बसल्या. माझ्यासाठी कोणीतरी न सांगता खुर्ची आणून ठेवली. प्रेमानंच ठेवली, पण मी त्या खुर्चीवर बसून खाली सगळ्यांच्या डोक्यांकडे बघत होते आणि मला फार वाईट वाटलं. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बायका मांडी घालून बसल्या होत्या. मी मांडी घातली तर गुडघे पार वर राहतात, कंबर मागे कलते आणि दोन मिनिटांत पाठीला रग लागते. उभं राहून वाकले तर हात गुडघ्याच्या जरा खाली पोचतात. टेप लावून बघितलं, बोटांच्या टोकापासून लादीपर्यंत १४ इंच राहतात.

म्हणून मे महिन्यात जवळच्या एका योगवर्गाला नाव घातलं. तिसऱ्या दिवशी पश्चिमोत्तानासन होतं, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकायचं. मी जेमतेम ताठ बसले होते, तेवढ्यात शिकवणाऱ्यांनी मागून पाठीवर दोन्ही हात ठेवून दाबलं. 'सोडा, सोडा, जाईल' म्हणाले. डाव्या मांडीच्या मागे, अगदी आपण ज्या हाडावर बसतो तिथे, काहीतरी खेचलं गेलं. अडीच आठवडे झाले, अजून स्टुलावर बसलं की तिथेच दुखतं. खाली पायात जात नाही. वर्ग सोडला.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आधी शरीर मोकळं करून मग योगाला जायचं असतं की योगानंच मोकळं होतं? माझ्यासारखीला हे या वयात जमतं का, खरं सांगा. आणि घरी करायचं तर कसं? सासूबाई खाटेवर असतात, मुलगा खाली झोपतो. पाणी साडेपाचला येतं. खाट आणि मोरी यांच्यामध्ये साडेसहा फूट बाय अडीच फूट जागा मोकळी मिळते, तीही मुलगा उठल्यावर, साडेसहानंतर वीस-पंचवीस मिनिटं.

मला शीर्षासन वगैरे काही नको आहे. या गणपतीत खाली बसायचं आहे.

---

कोकणकडा · १२ जून

ताई, सूर्यनमस्कार घाला. रोज बारा. आमचे आजोबा औंध संस्थानातले, तिथे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळेतल्या पोरांपासून सगळ्यांना सूर्यनमस्कारांची सवय लावली होती. आजोबा पंच्याहत्तरीपर्यंत घालायचे. एका व्यायामात सगळं शरीर येतं, जागा सहा फूट पुरते, वेळ दहा मिनिटं. पहिले आठ दिवस अंग दुखेल, मग आपोआप वळायला लागेल.

---

फिजिओ_दादर · १२ जून

कोकणकडा, सूर्यनमस्कारांबद्दल मलाही आदर आहे, पण या ताईंनी ते आत्ता घालू नयेत. तिसऱ्या स्थितीत पाय सरळ ठेवून पूर्ण खाली वाकायचं असतं आणि नेमकी तीच त्यांची दुखरी जागा आहे.

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करत नाही, पण तुम्ही जागा फार नेमकी सांगितली आहे. बसण्याचं हाड म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचं मूळ. ते तिथून निघतात आणि गुडघा ओलांडून खाली लागतात. ते घट्ट असले की बसून पुढे वाकताना कमरेचा कटोरा पुढे कलत नाही, मग सगळं वाकणं पाठीच्या खालच्या मणक्यांतून होतं. अशा वेळी कुणी पाठीवर दाबलं तर ताण दोनच जागी येतो, एक मणके आणि दुसरी हे मूळ.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. हे मूळ दुखावलं असेल तर ते ताणून बरं होत नाही. पुढे वाकलं की ते हाडावर आणखी दाबलं जातं. लोक 'दुखतंय म्हणजे आखडलंय' असं समजून रोज ताणतात आणि दुखणं महिनोन् महिने चालतं. तेव्हा काही आठवडे पुढे वाकण्याची आसनं बंद. मशीनवर बसताना स्टुलाच्या कडेवर बसू नका, जाड मऊ गादी घ्या आणि अर्ध्या तासानं उठून दोन मिनिटं उभ्या राहा. एक ब्लाउज कापून झाला की उठायचं, असा काही नियम लावून घ्या.

त्या स्नायूला काम मात्र हवं, हळू आणि न ताणता. पाठीवर झोपा, गुडघे दुमडून पावलं जमिनीवर, आणि कंबर सावकाश उचला. सेतुबंधासनच, पण अर्ध्या उंचीचं. दहा सेकंद थांबा, खाली या. पाच-सहा वेळा. करताना थोडं जाणवलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नको, हा निकष.

दुखणं गुडघ्याच्या खाली उतरायला लागलं, पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर घरचे उपाय थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. लघवीवरचा ताबा बिघडला तर त्याच दिवशी. यातलं काही नसलं तरी एकदा दाखवून घ्याच. तुम्हाला केईएम रुग्णालय जवळ आहे, तिथे फिजिओथेरपीचा विभाग आहे.

आणि पाणी भरताना वाकता त्याबद्दल. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यानंतरचा पहिला अर्धा-एक तास कंबरेतून खाली वाकायला वाईट. साडेपाचला उठल्या उठल्या कळशी उचलता ती गुडघे वाकवून, अंगाशी धरून उचला. तुमची साडेसहानंतरची वेळ त्या दृष्टीनं उलट चांगली आहे.

---

जुईचा_वेल · १३ जून

सुईदोरा, तुम्ही लिहिलेलं काल रात्री दोनदा वाचलं. खुर्चीबद्दलचं वाचून थांबले. मी मुलुंडला राहते, वय ६६. नोकरी टेलिफोन ऑपरेटरची, एकतीस वर्षं खुर्चीत. निवृत्त झाले तेव्हा मला पायात मोजे घालता येत नव्हते, यजमान घालून द्यायचे. योग मी अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू केला. त्यामुळे 'या वयात जमतं का' याचं उत्तर मी देऊ शकते. जमतं. पण मला ज्या क्रमानं जमलं तो क्रम कुणी आधी सांगितला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

तुमचा पहिला प्रश्न मलाही पडला होता, आधी मोकळं व्हायचं की काय. त्यात एक वर्ष मी नुसती घरी पाय ताणत बसले होते. मग एका बाईंकडे गेले. त्यांनी पहिल्या दिवशी मला एकही आसन दिलं नाही. बसायला सांगितलं. बसता येत नाही म्हटल्यावर माझ्याखाली पाट सरकवला. तरी गुडघे वर. पाटावर उशी. तरी वर. अजून एक उशी. तेव्हा गुडघे कमरेच्या हाडांच्या खाली आले आणि पाठ आपोआप ताठ झाली, मी काहीही न करता. मला रडू आलं, खरंच सांगते. मी इतकी वर्षं समजत होते की माझी पाठ कमजोर आहे. पाठ चांगली होती, बैठक खाली होती.

तुमच्याकडे पाट असेलच. त्यावर गोधडीची घडी घाला. बसायचं मध्यभागी नाही, पुढच्या कडेवर, म्हणजे कंबर आपण होऊन पुढे कलते. आरशात बाजूनं बघा किंवा मुलाला बघायला सांगा. गुडघे कमरेच्या खाली येईपर्यंत उंची वाढवत जा. आठ इंच लागले तर आठ, त्यात काही कमीपणा नाही. गुडघ्यांखाली पोकळी राहील तिथे टॉवेलच्या गुंडाळ्या सरकवा, म्हणजे मांड्यांना आधार मिळतो आणि त्या सैल सुटतात. तुमच्या त्या दुखऱ्या हाडाखाली कडक पाट नको, घडी जाड घ्या. आधी दोन मिनिटं बसा. डाव्या-उजव्या पायाची मांडी रोज बदला, आपण सगळेच एकच पाय वर घेतो.

गुडघे हातानं खाली दाबू नका. फडफडवूही नका. मांडी घालताना जे वळायला हवं ते खुब्याच्या सांध्यात. गुडघा बिजागरीसारखा आहे, त्याला असा पीळ सोसत नाही. खुबा वळत नसताना गुडघा दाबला तर गुडघाच जातो, आमच्या वर्गातल्या एकीचं तसंच झालं.

आता जागेचं. अडीच फूट रुंदी पुष्कळ आहे. मी अजूनही पलंग आणि कपाटाच्या मधल्या पट्टीतच करते. चटई लादीवर सरकत असेल तर तिच्याखाली ओलसर पिळलेलं फडकं पसरा. विकतची मॅट घ्यायची घाई नको.

सुरुवात मी अशी करते. पाठीवर झोपून एक गुडघा छातीशी, मग दुसरा, श्वास सोडताना जवळ घ्यायचा. तुम्ही डावा पाय थोडाच आणा, दुखेल तिथे थांबा. मग फिजिओंनी सांगितलेलं सेतुबंध. मग हातापायांवर, मांजरीसारखं, गुडघ्यांखाली गोधडी, श्वास घेताना पाठ खाली आणि सोडताना वर. हे मला सगळ्यात आवडतं, सकाळी पाठीचे मणके एकेक जागे होतात असं वाटतं. मग पालथं झोपून भुजंगासन, म्हणजे छाती वर उचलायची, कोपर जमिनीवर ठेवूनच. तुम्ही दिवसभर पुढे वाकलेल्या असता, हे त्याच्या उलट आहे. मग उठून ओट्याशी. दोन्ही तळहात ओट्याच्या कडेवर ठेवून मागे मागे चालत जायचं, पाठ सपाट होईपर्यंत. गुडघे वाकवलेले. हे ठळक लिहिते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघे वाकवले की कंबर सुटते आणि पाठ लांब होते. ते सरळ करायची वेळ पुढे येते. तुम्ही हे ओट्याचं तीन-चार आठवड्यांनी घ्या, दुखणं शमल्यावर.

शेवटी शवासन, गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेली गोधडी घेऊन. पाच मिनिटं. हे सोडू नका, वेळ कमी असेल तर दुसरं काहीतरी सोडा.

कुठे थांबायचं हे कसं कळतं? श्वासावरून. श्वास अडला, दात आवळले गेले की एक पाऊल मागे. एका स्थितीत पाच सावकाश श्वास पुरेत.

आणि ते १४ इंच मोजणं सोडून द्या. मोजायचंच असेल तर पाटावरच्या घडीची उंची मोजा.

---

सुईदोरा · १३ जून

जुईताई, तुमचं वाचून लगेच पाट काढला. पाट दीड इंच, त्यावर दोन गोधड्या, मिळून साडेआठ इंच. मुलगा बाजूनं बघत होता, म्हणाला, "आई, तू सरळ बसलीस." चार मिनिटं बसले. दुखऱ्या जागेला लागलं नाही.

फिजिओ, सोमवारी दाखवायला जाते. गादीचं लगेच करते.

एक शंका. सकाळी उठल्यावर मला चहा लागतोच. रिकाम्या पोटीच करायचं असतं ना? आणि मी गाऊनवर असते, सासूबाई समोर, पाय वर करायला अवघड वाटतं.

---

चर्नीरोड · १४ जून

चहा घ्या, अर्धा कप, मग वीस मिनिटांनी सुरू करा. पोटभर जेवणानंतर मात्र तीन-चार तास जाऊ द्यायचे. गाऊनखाली सुती लेगिंग घाला म्हणजे मन आसनात राहील.

मी योग शिकवते, एकोणीस वर्षं झाली. तुमच्या बाबतीत जे झालं ते वाचून मला शिक्षिका म्हणून त्रास झाला. पाठीवर असं दाबणं चूक आहे. विद्यार्थ्याच्या अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं असतं, आणि लावलाच तर दिशा दाखवण्यापुरता, वजन टाकायला नाही. तुम्ही वर्ग सोडलात ते योग्य केलंत.

'शरीर वळत नाही म्हणून योग जमणार नाही' हे मी दर जूनमध्ये ऐकते. २१ जूनला योगदिन असतो, फोटो सगळीकडे येतात आणि लोकांना वाटतं योग म्हणजे तो फोटो. पतंजलींच्या सूत्रांत आसनाविषयी फक्त तीन सूत्रं आहेत, दुसऱ्या पादातली (प्रकरणातली) ४६ ते ४८, आणि त्या तिन्हींत एकाही आसनाचं नाव नाही. स्थिर आणि सुखाचं असावं एवढं पहिलं सांगतं. त्याच्या पुढचं मी विद्यार्थ्यांना जास्त वेळा सांगते: आसन साधतं ते 'प्रयत्नशैथिल्या'नं, प्रयत्न सैल केल्यानं. तुमच्या मुलाला तुम्ही सरळ दिसलात त्या चार मिनिटांत तेच झालं.

बी. के. एस. अय्यंगार यांचं उदाहरण देते, कारण ते तुमच्या पाटाशी जोडलेलं आहे. १९१८ साली फ्लूची साथ असताना त्यांचा जन्म झाला, पुढे लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय, सगळं होऊन गेलं. शरीर काटकुळं आणि ताठ. अशा शरीरानं सुरुवात केलेल्या माणसानं पुढे पुण्यात विटा, पट्टे, दोर, खुर्च्या, लोड वापरून शिकवायची पद्धत घडवली. जमीन लांब असेल तर ती वर आणायची. लाकडी ठोकळा म्हणजे जवळ आलेली जमीन. पट्टा म्हणजे लांब झालेला हात. तुम्ही परकराचा रुंद नाडा घ्या किंवा जुन्या बॅगेचा पट्टा, काम तेच होतं. पाठीवर झोपून तळव्याला पट्टा अडकवायचा आणि पाय वर न्यायचा, गुडघा हवा तेवढा वाकलेला. उजव्या पायानं आत्ता करा, डाव्यानं दुखणं गेल्यावर.

एक गोष्ट जुईताईंच्या लिहिण्यात जोडते. माणसामाणसाचे खुबे वेगळे घडलेले असतात. खोबणीची खोली, मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन, हे हाडांच्या घडणीतच असतं आणि मोठेपणी ते कुठल्याही सरावानं बदलत नाही. काही लोकांना पद्मासन कधीच होणार नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. साधी सुखासनातली मांडी मात्र आधार घेऊन बहुतेकांना जमते. तुम्हाला तीच हवी आहे.

पुन्हा कुठे शिकायचं असेल तर मुंबईत जुन्या, सावकाश शिकवणाऱ्या जागा आहेत. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये वर्सोव्याला सुरू केलेली द योगा इन्स्टिट्यूट आता सांताक्रूझ पूर्वेला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. त्यांची मुंबईची शाखा मरीन ड्राइव्हला आहे. अय्यंगार पद्धतीचं केंद्र लोअर परळला, ते तुम्हाला सगळ्यात जवळ. ठाण्याकडच्या वाचकांसाठी घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर, दोन्हीकडे मराठीतून शिकवतात. कुठेही गेलात तरी पहिल्या दिवशी स्वतःहून सांगा: काय दुखतं, काय करते, आणि मला दाबू नका. त्यावर समोरचा काय म्हणतो ते बघा. त्यावरून शिक्षक कळतो.

रक्तदाब असेल तर श्वास रोखून धरणं आणि डोकं खाली करून राहणं टाळा. तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून आठवण करते.

---

कोकणकडा · १४ जून

फिजिओ, चर्नीरोड, वाचलं. माझी सूचना घाईची होती, ताई, दुखऱ्या जागेकडे माझं लक्षच गेलं नाही. पुढे बरं वाटल्यावर सूर्यनमस्कार घालावेसे वाटले तर ओट्यावर किंवा खुर्चीवर हात टेकून घालता येतात का? माझ्या बायकोलाही खाली वाकता येत नाही, म्हणून विचारतो.

---

चर्नीरोड · १४ जून

येतात. पक्की, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची आणि हात तिच्या बैठकीवर. तीन-चारच घाला, सावकाश. वहिनींना सांगा गुडघे वाकवायला.

---

सुईदोरा · ८ जुलै

मध्ये लिहिलं नाही, शाळेच्या गणवेशांची कामं होती.

दाखवून आले. तिथल्या बाईंनीही मांडीच्या स्नायूचं मूळ दुखावल्याचंच सांगितलं, आणि सेतुबंधासारखाच व्यायाम दिला. आता स्टुलावर दुखत नाही, फक्त खूप वेळ झाला की जाणीव होते. ब्लाउज कापून झाला की उठायचं, हे धरून ठेवलं आहे. उठून गॅलरीत जाते, कठड्याला हात लावून टाचा वर-खाली करते, परत येते. काम कमी होईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. संध्याकाळी काज करताना हात कमी थरथरतो.

सकाळचं सहासात दिवस चुकलं, बाकी रोज झालं. सासूबाई खाटेवरून बघतात. परवा म्हणाल्या, मलाही ते पायाचं दाखव. त्या झोपल्या झोपल्या पावलं फिरवतात, मी खाली माझं करते.

बैठक साडेआठवरून सात इंच झाली. दहा मिनिटं बसते.

अडचण उठण्याची आहे. बसते ठीक, पण उठताना पुढे हात टेकून, मग खाटेला धरून उठावं लागतं. आरतीच्या गर्दीत धरायला काही नसतं.

---

जुईचा_वेल · ८ जुलै

सात इंच! सासूबाईंचं वाचून फार बरं वाटलं.

उठण्याचा वेगळा सराव करा, दिवसातून चारदा. मांडी सोडून एका बाजूला वळा, दोन्ही हात त्याच बाजूला जमिनीवर, गुडघ्यांवर या. मग एक पाऊल पुढे, दोन्ही हात त्या मांडीवर, आणि मांडीवर जोर देऊन उभं. धरायला काही लागत नाही, स्वतःची मांडी पुरते. आधी खाटेजवळ करा म्हणजे भीती राहणार नाही. गुडघ्याला लादी लागली तर गोधडी.

---

फिजिओ_दादर · ९ जुलै

हेच लिहिणार होतो. जोडीला स्टुलावरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस. बळ नसलेल्या लवचीकतेचा उपयोग नाही. डाव्या पायाला पट्टा लावून हलका ताण आता सुरू करायला हरकत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळचा निकष तोच.

---

सुईदोरा · ५ सप्टेंबर

काल आमच्या मजल्यावर अथर्वशीर्ष झालं. खुर्ची आणून ठेवलेली होती. मी ती उचलून कडेला ठेवली आणि घरून माझी गादी नेली.

गादीचं सांगते. पाट घेऊन जायला जड, गोधड्या सुटतात. म्हणून शिवली. माझ्याकडे ब्लाउजच्या कातरणाची दोन पोती पडलेली असतात. पॉलिस्टर आणि अस्तराचं कातरण वेगळं काढून नुसतं सुती भरलं, दाबून दाबून, मुसळानं. कापूस दबतो, कातरण तेवढं दबत नाही. वर जुन्या इरकलीचा कपडा लावला. पाच इंच उंच झाली, आणि माझी बैठक आता पाच इंचच आहे.

पूर्ण अथर्वशीर्ष बसले, मग मंत्रपुष्पांजलीला सगळ्यांबरोबर उठले, मांडीवर हात ठेवून. उजवा गुडघा अजून डाव्यापेक्षा वर राहतो. पाठीला रग लागली ती शेवटच्या दोन-तीन मिनिटांत. शेजारच्या काकूंनी गादी दाबून बघितली आणि विचारलं, मला करून देशील का. आत्तापर्यंत चौघींनी सांगितलंय.

लादीपासूनचे इंच मोजले नाहीत, जुईताई.

---

हिरवी_पायरी · ५ सप्टेंबर

नवीन सभासद, भांडुप. माझं वय ३९, मलाही मांडी घालता येत नाही, म्हणून धागा पहिल्यापासून वाचला. ताई, गादीचं माप द्याल का? घरी शिलाई मशीन आहे.

---

सुईदोरा · ६ सप्टेंबर

देते. वरचा आणि खालचा तुकडा १८ बाय १३ इंच, दोन्हीकडे अर्धा इंच शिलाई धरून १९ बाय १४ कापा. बाजूची पट्टी तयार ५ इंच, म्हणजे कापायची ६ इंच रुंद आणि ६३ इंच लांब, जोड एका कोपऱ्यावर येऊ द्या. तुम्हाला जास्त उंची लागत असेल तर पट्टीच रुंद करा, बाकी माप तेच. आधी पाट आणि चादरींनी बसून बघा, गुडघे कमरेच्या खाली कधी येतात ते, आणि ती उंची मोजून मगच कापा.

कपडा जाड सुती घ्या, आत मांजरपाटाची वेगळी खोळ. शिलाई दुहेरी, कोपऱ्यांवर तिहेरी. एका लांब बाजूला ८ इंच तोंड ठेवा, कातरण तिथून भरा. कोपरे आधी भरायचे, मध्य शेवटी, नाहीतर मधे टेंगूळ येतं. भरल्यावर दोन दिवस तिच्यावर बसा, दबेल तेवढं पुन्हा भरा, आणि मग तोंड हातानं टाचून घ्या. कातरण नसेल तर जुन्या सुती साड्या फाडून चालतील, साधारण पाच-सहा लागतील.

वरच्या खोळीला चेन लावा, धुवायला बरं.

तुमच्या उंचीचं माप आलं की इथे कळवा, पट्टीचा हिशेब करून देते.